तेरा अंश पंधरा कला

संयोगिता इंगवलेला जळायला फार मोठं कारण लागत नसे, आणि धाकटी जाऊ वैजयंता कारण पुरवायला कधी कमी पडली नाही. कळंब्याच्या रस्त्याला दोघा भावांनी मिळून बांधलेलं दुमजली घर. खाली थोरले बाळासो आणि संयोगिता, वर धाकटे उदयसिंह आणि वैजयंता. वाटणीच्या वेळी खालचा मजला संयोगितानेच मागून घेतला होता, गुडघ्यांचं निमित्त सांगून. दुसऱ्याच उन्हाळ्यात तिच्या लक्षात आलं, की वारा सगळा वर जातो आणि खाली येतात ते नुसते डास. तेव्हापासून तो वारासुद्धा वैजयंतानेच पळवला, असं तिचं ठाम मत होऊन बसलं.

रविवारी वरून मटणाच्या फोडणीचा वास आला, की संयोगिता खिडकी लावून घेई. तिचा स्वतःचा रस्सा वाईट होता असं नाही. पण पावणे मंडळी वैजयंताच्या रश्शाला मुकाट्याने दुसऱ्यांदा वाटी पुढं करत आणि तिच्या रश्शाला 'छान झालाय' म्हणत. 'छान' म्हणजे किती मार्क, हे सव्वीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

संयोगिता मुलींच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. तिथं मात्र तिचा दरारा होता. अकरावीचं पहिलंच प्रकरण कोनाच्या मापनाचं. एका अंशात साठ मिनिटं, एका मिनिटात साठ सेकंद, मग रेडियन, मग ह्याचं त्यात करा आणि त्याचं ह्यात. आणि दर वर्षी निम्मा वर्ग तीच चूक करी. साडेपाच अंश म्हणजे ५.५०, हे बरोबर लिहायच्या आणि पुढच्याच ओळीत त्याचे पाच अंश पन्नास मिनिटं करून मोकळ्या व्हायच्या. मग संयोगिता खडू खाली ठेवून विचारायची, की साडेपाचला घड्याळात पाच पन्नास वाजतात काय गं तुमच्या घरी? टिंबाच्या पुढचं शंभरात मोजायचं आणि मिनिटं साठात. हे वाक्य ती झोपेतसुद्धा बोलत असेल.

पण खरी आग होती ती पोरींची. संयोगिताची स्वप्नाली एकोणतीस वर्षांची, एमएस्सी झालेली, सावळी, कमी बोलणारी. तीन स्थळं आली आणि तीन गेली. तिसरं गेलं तेव्हापासून पोरगी हसायचीच विसरली होती. वैजयंताची राजनंदिनी चोवीसची, गोरी, बँकेत चिकटलेली, आणि वर पुष्य नक्षत्रावर जन्मलेली. पुष्य नक्षत्र म्हणजे सोनं, असं वैजयंता आल्यागेल्याला सांगायची. संयोगिताचा पत्रिकेवर विश्वास नव्हता, हे तीही आल्यागेल्याला सांगायची. तरीपण ते पुष्य तिला सलायचंच.

आणि त्या वर्षी जयसिंगपूरचं स्थळ आलं. मुलगा यशराज, पाटबंधारे खात्यात इंजिनियर, एकुलता एक, निर्व्यसनी, आईला मान देणारा. स्थळ आणलं होतं आकारामतात्यांनी. तात्या म्हणजे दोघा भावांचे सख्खे मामा. एसटीत कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले, आणि चाळीस वर्षं हौसेनं पत्रिका बघणारे. ह्या घरातलं एकही लग्न तात्यांच्या शब्दाशिवाय ठरलेलं नव्हतं. तात्यांनी स्थळ आणलं ते राजनंदिनीसाठी. घरात थोरली पोरगी बिनलग्नाची असताना धाकटीसाठी. तात्या तर पुरुषमाणूस, त्यांचं सोडून देता आलं असतं. पण वैजयंताने तोंडदेखलं तरी म्हणायचं होतं, की आधी स्वप्नालीचं बघा. ती म्हणाली नाही. तिने नुसता फोटो घेतला, पदराला पुसला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. संयोगिताने ते जिन्याच्या खालून पाहिलं आणि त्या दिवशी तिच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

मुलाकडच्यांचा पत्रिकेवर विश्वास नव्हता. त्याची पत्रिका कधी केलीच नव्हती. तात्यांनी फारच धरलं तेव्हा यशराजने पुण्यातल्या कुणा मित्राकडून कंप्युटरवर गणित करून घेतलं आणि नवग्रहांचे आकडे तेवढे वैजयंताच्या फोनवर पाठवले. जन्मवेळ नाही, कुंडली नाही, नक्षत्राचं नाव नाही. नुसते नऊ आकडे. तात्यांना तेवढे पुरेसे होते. मोबाईलवरच्या तयार पत्रिकांना ते पोरखेळ म्हणायचे. नक्षत्रांची कोष्टकं त्यांना तोंडपाठ होती.

त्या मंगळवारी वरच्या सोफ्यावर तात्या बसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं होतं, म्हणून वाचायचं काम वैजयंताकडे. राजनंदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, काही काम नसताना. बघण्याचा कार्यक्रम अजून व्हायचा होता, पण फोटो पाहून आणि फोनवर दोनदा बोलून ती गुंतली होती, हे तिच्या चेहऱ्यावर कुणीही वाचलं असतं. संयोगितालाही मुद्दाम वर बोलावलं होतं. वैजयंताला आपल्या आनंदाला प्रेक्षक लागतो, असं मनात म्हणत ती गेली आणि लसूण सोलायला घेऊन बसली.

तात्या म्हणाले, गुणमेलनाला चंद्र तेवढा लागतो, चंद्र सांग. वैजयंताने वाचलं, तेरा पॉइंट पंचवीस. तात्यांनी डोळे मिटून बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. त्यांच्या पंचांगात आणि त्यांच्या स्वतःच्या वह्यांत अंश आणि कला यांच्यामध्ये नेहमी टिंबच असायचं. साठ कलांचा एक अंश. तेव्हा त्यांच्या कानांना तेरा पॉइंट पंचवीस म्हणजे तेरा अंश पंचवीस कला, दुसरं काही असूच शकत नव्हतं. अश्विनी नक्षत्र संपतं तेरा अंश वीस कलांवर. म्हणजे चंद्र पाच कला पुढं गेलेला. भरणी. भरणीची नाडी मध्य. राजनंदिनीचं पुष्य, तिचीही नाडी मध्य.

तात्यांनी डोळे उघडले. "एकनाड हाय धाकटे. ह्यो नाद सोडायचा."

एकनाड म्हटल्यावर पुढं बोलायचं काही उरत नाही. बाकी गुण किती का जुळेनात, नवराबायकोची नाडी एक आली की संसाराला सुख नाही, जोडीदाराच्या जिवाला धोका, असं ह्या घरात तीन पिढ्या मानत आले होते. राजनंदिनी आत निघून गेली. वैजयंता फोन हातात धरून तशीच बसली. तिचा पडलेला चेहरा बघून संयोगिताला आत कुठंतरी गार वाटलं. आणि ते गार वाटणं लपवायला, काहीतरी करायचं म्हणून, तिने फोन मागून घेतला आणि आकडे बघितले.

सूर्य १०४.८७. चंद्र १३.२५. बुध १२१.६४. शुक्र ७१.३८.

तिला एक क्षणही लागला नाही. सत्त्याऐंशी कला कुठं असतात? साठ झाल्या की पुढचा अंश लागतो. चौसष्ट कलाही नसतात. हे आकडे अंश-कलांचे नव्हतेच. हे दशांशातले अंश होते, टिंबाच्या पुढचं सगळं शंभरातलं. पॉइंट पंचवीस म्हणजे पाव. साठाचा पाव पंधरा. चंद्र तेरा अंश पंधरा कलांवर होता. अश्विनी संपायला अजून पाच कला होत्या. मुलगा अश्विनीचा, नाडी आद्य. एकनाड नव्हतीच. दर वर्षी निम्मा वर्ग करतो तीच चूक सत्तरीच्या तात्यांनी केली होती, आणि ती दाखवून द्यायला ह्या घरात एकच माणूस लायक होतं.

संयोगिताने तोंड उघडलंसुद्धा होतं. हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. तेवढ्यात वैजयंताने नाक ओढलं आणि स्वतःचीच समजूत काढत म्हणाली, "जाऊ द्या. चोवीसचीच हाय अजून. एकोणतीसची असती तर घोर लागला असता जिवाला."

वैजयंताच्या मनात काही नसेलही. तिची जीभ लहानपणापासून अशीच, विचारायच्या आधी चालणारी. पण संयोगिताचे ओठ मिटले. तिने फोन परत दिला, लसणाची टरफलं पदरात गोळा केली आणि म्हणाली, असतं एकेकाच्या नशिबात. मग जिना उतरताना तिला कळलं, की गुडघा आज अजिबात दुखत नाही.

पुढचे आठ-दहा दिवस तिने अगदी चवीनं काढले. वरून फोडणीचा वास येत नव्हता. वैजयंताचं मोठ्यानं बोलणं बंद झालं होतं. संयोगिता सकाळी तुळशीला पाणी घालताना वर नजर टाकायची, आणि वैजयंता गॅलरीत कपडे वाळत घालताना दिसली, की त्या झुकलेल्या खांद्यांनी तिच्या पोटात साखर पडायची. मी कुठं खोटं बोलले, ती स्वतःला विचारायची. मला कुणी विचारलं? माझा पत्रिकेवर विश्वासच नाही, मग त्यातली चूक काय आणि बरोबर काय? एवढा बिनतोड युक्तिवाद तिने वर्गातही कधी केला नव्हता.

एकदाच जड गेलं. राजनंदिनी बँकेतून येऊन खालीच थांबली आणि स्वयंपाकघरात तिच्या पाठीला डोकं टेकून रडली. अकरावीला ही पोरगी संयोगिताच्याच वर्गात होती. सत्त्याण्णव मार्क पाडले होते तिने, आणि साडेपाचचे पाच पन्नास कधीच केले नव्हते. "मोठी आई, एवढ्यातेवढ्यावरनं कुणाचं आयुष्य ठरतंय काय?" तिने विचारलं. एवढ्यातेवढ्यावरनं म्हणजे पाच कलांवरून, हे संयोगिताला पोरीपेक्षा जास्त माहीत होतं. तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच वेळी त्या दाट, लांब केसांकडे बघून तिच्या मनात आलं, की माझ्या स्वप्नालीचे केस का नाहीत असे. आणि ती गप्प राहिली.

मग तात्या पुन्हा आले, ह्या खेपेला खाली. चहा बशीत ओतून ते म्हणाले, जयसिंगपूरवाल्यांना घराणं पसंत आहे, मोडायला नको वाटतं. थोरलीची पत्रिका काढा. स्वप्नालीचं पुनर्वसू, नाडी आद्य. मुलगा भरणीचा, नाडी मध्य. सव्वीस गुण, नाडी वेगळी. "बघ थोरले," तात्या म्हणाले, "देवानं कुठलं दार लावून कुठलं उघडलं."

दार देवानं लावलेलं नव्हतं, हे बोलण्याची ती वेळ नव्हती. संयोगिताच्या कानशिलात रक्त चढलं. वैजयंताच्या देव्हाऱ्यातला फोटो आता तिच्या घरात येणार होता. रस्सा नाही, वारा नाही, एकदम जावईच. त्या आनंदात तिला दुसरं काही सुचलंच नाही.

यशराज आणि स्वप्नाली पन्हाळ्यावर भेटले, मग आणखी एकदा रंकाळ्यावर. दुसऱ्या भेटीहून स्वप्नाली आली ती गुणगुणतच. यशराजलाही म्हणे कमी बोलणारी माणसं आवडायची. तो तिला धरणांच्या भिंतींबद्दल सांगे आणि ती त्याला चुका काढून दाखवी. आठवडाभरात घरात हसणं ऐकू यायला लागलं. तीन वर्षांनी. बाळासो पेपर खाली ठेवून ते ऐकत बसत. जयसिंगपूरहून होकार आला. सुपारी फोडायचा दिवस ठरला.

वैजयंता खाली आली ती साडी घेऊन. राजनंदिनीसाठी म्हणून काढून ठेवलेली पैठणी, अंजिरी रंगाची. स्वप्नालीला सावळ्या रंगावर खुलेल म्हणाली, आणि खरंच खुलली. संयोगिताने साडी घेतली. तिला वैजयंताने खाली येऊन भांडावं असं वाटत होतं. हिचा मोठेपणासुद्धा हिलाच मिरवायचा असतो, ती मनात म्हणाली. पण त्या म्हणण्यात पहिल्यासारखी धार नव्हती, कारण एव्हाना तिला दुसरंच काहीतरी पोखरायला लागलं होतं.

ते सुरू झालं वर्गात. फळ्यावर तिने एक गणित लिहिलं, दशांश अंशांचे अंश-मिनिटं करा, आणि आकडा लिहून झाल्यावर तिचं तिलाच दिसलं, की तिने १३.२५ लिहिलंय. एका पोरीने उठून उत्तर दिलं, तेरा अंश पंधरा मिनिटं. बरोबर, संयोगिता म्हणाली, आणि तेच फळ्यावर लिहायला लागली. तेरा अंश पंधरा. अश्विनी. आद्य नाडी. आणि स्वप्नालीचं पुनर्वसू. तिची नाडी? आद्य. एकनाड राजनंदिनीची नव्हती. एकनाड स्वप्नालीची होती.

इतके दिवस हे दिसत कसं नव्हतं? दिसत होतं. जळणाऱ्याला आपल्या घराकडचा धूर शेवटी दिसतो.

माझा विश्वास नाही, तिने स्वतःला बजावलं. पण तिची थोरली बहीण झुंबरबाई. चंदगडला दिलेली, एकनाड असून दिलेली, कारण वडिलांना स्थळ सोडवेना. दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं. घाटात नवऱ्याच्या ट्रकचा ब्रेक गेला होता, नाडीचा काय संबंध, असं संयोगिता आयुष्यभर सगळ्यांना ठणकावून सांगत आली होती. आता तोच ट्रक, तोच घाट, आणि स्टिअरिंगवर यशराज, असं तिला बसल्या जागी दिसायला लागलं. अविश्वास दुसऱ्याच्या पोरीपुरता होता, हे तिला फार उशिरा उमगलं.

मग तिने गणिताचाच आधार शोधला. चंद्राला पाच कला चालायला नऊ-दहा मिनिटं लागतात. जन्मवेळ तेवढी चुकली असेल तर? दवाखान्यातलं घड्याळ मागं असेल तर? मग मुलगा खरंच भरणीचा निघेल, तात्यांची चूकच बरोबर ठरेल, आणि तिचं पापही पुसलं जाईल. देवापुढं नाव घालायचं आहे असं सांगून तिने यशराजच्या आईला जन्मवेळ विचारली. यशराजची आई हसून म्हणाली, वेळ अगदी पक्की आहे, माझा भाऊच तिथं कंपाउंडर होता, रेडिओच्या वेळेला घड्याळ लावलेलं होतं त्यानं. संयोगिताने ती वेळ मोबाईलमध्ये घातली. उत्तर आलं, चंद्र तेरा अंश पंधरा कला आठ विकला. नक्षत्र अश्विनी, चौथा चरण, नाडी आद्य. तिचं उत्तर विकलांपर्यंत बरोबर निघालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला बरोबर उत्तराची भीती वाटली.

आता बोलायचं म्हणजे काय बोलायचं? बोलावं, तर स्वप्नालीचं हसणं आपल्याच तोंडानं पुसायचं. शिवाय पहिला प्रश्न येणार, की हे तुम्हाला कधी कळलं. न बोलावं, तर पोरगी जाणूनबुजून घाटात सोडायची. तिला धड जेवण जाईना. लग्नघर म्हणून सगळ्यांनी ते समजून घेतलं.

सुपारीचा दिवस उजाडला. पावणे मंडळी चारला यायची होती. वैजयंता सकाळपासून खालीच होती, पदर खोचून. केळ्याचा शिरा तिने स्वतःकडे घेतला होता, कारण संयोगिताच्या शिऱ्यात गुठळ्या होतात हे तिने तोंडावर सांगितलं होतं. राजनंदिनी आतल्या खोलीत स्वप्नालीला ती अंजिरी पैठणी नेसवत होती आणि दोघींच्या खिदळण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. संयोगिता ओट्याशी उभी राहून ते ऐकत राहिली. मग तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"वैजू, त्या पोराचा चंद्र तेरा अंश पंधरा कला आहे. पंचवीस नाही. तात्यांचं चुकलं. नक्षत्र अश्विनी येतं."

वैजयंताच्या हातातलं उलथणं थांबलं नाही. "हळू बोला," ती म्हणाली. "पोरी आत हाईत. तुमास्नी बी कळलं म्हणा की."

संयोगिताला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण वैजयंता रवा हलवत, खाली बघत, सगळं सांगत गेली. राजनंदिनीला चैन पडत नव्हतं. तिने यशराजच्या चुलत बहिणीकडून जन्मवेळ मागवून मोबाईलवर पाहिलं, त्याला आता दहा दिवस झाले. तिने तात्यांना गाठलं. तात्यांनी भिंग लावून ते नऊ आकडे पुन्हा बघितले आणि सूर्याच्या पुढचे सत्त्याऐंशी दिसल्यावर डोकं धरून बसले. लहान मुलासारखे रडले. घरोघर जाऊन सांगतो म्हणाले, पोरीचं स्थळ तिला परत देतो म्हणाले. तोवर स्वप्नाली दोनदा भेटून आली होती. राजनंदिनीनेच त्यांना अडवलं. ताई हसायला लागलीय तात्या, ती म्हणाली, मी काय मध्ये येत नाही. नाडीच्या दोषासाठी तात्यांनी सांगितली ती शांत वैजयंताने गेल्या गुरुवारी नरसोबाच्या वाडीला जाऊन घातली होती, स्वप्नालीच्या नावानं.

"तुमास्नी मुद्दाम सांगितलं न्हाय," वैजयंता म्हणाली. "तुमचा तर इस्वासच न्हाय ह्यातल्या कशावर. उगं जिवाला घोर कशाला लावायचा." मग तिने हाताच्या मनगटाने कपाळ पुसलं. "मी काय देव न्हाय आक्का. दोन दिस मी बी जळलो की. स्वप्नालीचं हसणं जिन्यावरनं वर आलं की दार लावून घेत हुतो. पर मग म्हटलं, पोरगी आपलीच हाय."

 संयोगिता गॅसवरच्या त्या शिऱ्याकडे बघत राहिली. त्यात एकही गुठळी नव्हती. दोन दिवस. ही बाई दोन दिवस जळली आणि दोन दिवसांत विझली. ती स्वतः वाटणीपासून बावीस वर्षं जळत होती. आणि आता ह्या क्षणालासुद्धा तिला जे वाटत होतं ती कृतज्ञता नव्हती. गप्प बसण्यातसुद्धा हिनेच बाजी मारली, असं तिला वाटत होतं, आणि असं वाटतंय म्हणून स्वतःची किळस येत होती.

"आमाला कळायला एवढं दिस लागलं," वैजयंता उरलेलं दूध ओतता ओतता म्हणाली. "आमी आडाणी. तुमी गणितवाल्या, तुमास्नी तर नुसतं बघूनच..."

ती थांबली. उलथणं कढईत उभं राहिलं.

"त्या मंगळवारी फोन तुमच्याच हातात हुता," ती म्हणाली.

हे तिने विचारलं नव्हतं.  आज सकाळीच कळलं, असं म्हणता आलं असतं. शब्द संयोगिताच्या जिभेवर होते. पण वैजयंता तिच्याकडे बघत होती, शिऱ्याच्या वाफेतून, एकटक, आणि त्या नजरेपुढे खोटं उभं राहीना. संयोगिताने मान खाली घातली. कढईत दूध आटत गेलं. आतल्या खोलीत राजनंदिनी कुठल्याशा पिनेवरून स्वप्नालीला रागावत होती.

वैजयंताने गॅस बंद केला, झाकण ठेवलं, हात धुतले. फार वेळ धुतले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, बाळासोंचा आवाज आला, पावणं आलं. तेव्हा ती वळली, संयोगिताच्या खांद्यावरून घसरलेला पदर तिने ओढून नीट केला, जरा जोरातच.

"चला. पोरीची आई दारात पायजे."

दारात यशराजच्या आईबरोबर पहिल्यांदाच आलेले त्याचे चुलते होते, दोन चुलत्या होत्या, काठी टेकत आलेली आत्या होती. मागे तात्या उभे होते आणि कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हते. पायावर पाणी झालं, कुंकू झालं. चुलत्यांनी विचारलं, ह्यातल्या नवरीच्या आई कोण. संयोगिता पुढं होणार, एवढ्यात वैजयंताने तिच्या दंडाला धरून तिला पुढं केलं आणि नेहमीच्या मोठ्या, खणखणीत आवाजात म्हणाली, "ह्या आमच्या थोरल्या जाऊबाई. कॉलेजात गणित शिकिवत्यात. घरात ह्यांच्याइतकं गणित कुणालाच येत न्हाय बघा."

पावण्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. दंडावरची बोटं अजून सुटलेली नव्हती. संयोगिताने हात जोडले आणि पावण्यांना आत या म्हणाली, पण शेजारी उभ्या असलेल्या जावेच्या तोंडाकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.